डोंगरीतला उसूलचा वर्ग, आठ रविवार, माझा अनुभव

फी १५०० रुपये, आठ रविवार, सकाळी दहा ते एक, सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. हे पहिलं लिहितेय कारण मी जायच्या आधी चार जणांना विचारलं तर एवढी साधी माहितीही कोणी धड देत नव्हतं. चालवणाऱ्यांचं नाव टाकत नाहीये, खाली तक्रारी आहेत आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत, ज्यांना जायचंय त्यांनी त्या भागात कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात विचारा, सांगतील.

विषय असा की इस्लामी कायद्यात निर्णयापर्यंत पोचतात कसे, म्हणजे उसूल-ए-फिक्ह (फिक्ह म्हणजे इस्लामी कायदा, उसूल म्हणजे त्याची तत्त्वं), आणि त्या पद्धतीवर राज्यकारभार कसा चालला, बाजार, रस्ते, शहरं कशी चालली. नमाज-रोजाचे मसले शिकवणारा वर्ग नाहीये हा, त्या अपेक्षेने जाऊ नका, पहिल्या रविवारी दोन-तीन जण तसे आले होते आणि मधल्या सुट्टीतच निघून गेले.

मी का गेले ते सांगते. आम्ही कोकणी, माहेर दापोलीकडचं, सासर कुर्ल्याला. हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब तपासायचं काम करते. लहानपणापासून बघत आले की आमच्या घरची असरची (दुपारनंतरची) नमाज लवकर, शेजारच्यांची उशिरा, आमच्याकडे कोलंबी आठवड्यातून दोनदा आणि शेजारची खाला कोलंबीचं ताट दिलं की प्रेमाने परत करायची. का असं विचारलं की आई म्हणायची आपण शाफई ते हनफी (इस्लामी कायद्याच्या दोन वेगळ्या परंपरा, मजहब म्हणतात त्यांना), आपल्यात असंच असतं. ते "असंच असतं" माझ्या डोक्यात तीस वर्षं बसलेलं. वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी (मौलानाच आहेत, पण सगळे सर म्हणतात) फळ्यावर एक काठी काढली, तिची सावली काढली आणि सांगितलं की एकाने सावली काठीएवढी झाली की वेळ धरली, दुसऱ्याने दुप्पट झाली की धरली, दोघांकडे हदीस (पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याच्या नोंदी) आहेत, फरक कुठली जास्त भक्कम मानायची आणि कशी वाचायची याचा आहे. दहा मिनिटांत झालं. मला खरंच डोळ्यात पाणी आलं, की कोणी चूक नव्हतं आणि कारण सांगता येण्यासारखं होतं.

त्याच दिवशी त्यांनी अजून एक सुंदर गोष्ट केली. वर्गात निम्मे लोक मराठी बोलणारे, रायगड-रत्नागिरीचे, ते बघून त्यांनी फळ्यावर मराठी शब्द लिहिले. कायदा, कवायत, उर्फ, हद्द, हिशेब, मसलत. म्हणाले हे सगळे अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने तुमच्याकडे आलेत. काइदा म्हणजे नियम आणि त्याचं अनेकवचन कवाइद, त्यावरून शाळेच्या मैदानातली आपली कवायत. उर्फ म्हणजे लोकांत जे माहीत आहे ते, चालरीत, आणि फिक्हमध्ये उर्फ हा निर्णयाचा एक आधार आहे. हिशेबाचं मूळ आणि हिस्बाचं मूळ एकच, हिस्बा म्हणजे बाजारावर देखरेख, ते करणारा मुहतसिब, त्याचं काम वजनं-मापं तपासायचं, भेसळ पकडायची, रस्त्यावर कोणी अडथळा केला तर हटवायचा. मी आयुष्यभर हिशेब तपासतेय आणि हे माहीत नव्हतं. मसलत मात्र लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते.

चार आधार सगळ्यांना ऐकून माहीत असतात, कुरआन, सुन्नत (पैगंबरांची रीत), इज्मा (जाणकारांचं एकमत), कियास (तुलनेने काढलेला निर्णय). इमाम शाफईंनी (जन्म ७६७, मृत्यू ८२०) रिसाला हे पुस्तक लिहून ही चौकट कशी बसवली ते नीट शिकवलं, त्यात वेळ घालवत नाही, ते कुठल्याही चांगल्या वर्गात मिळेल. इथे जे मिळतं ते उदाहरणांत आहे. कियास म्हणजे एका हुकुमाचं कारण शोधायचं, ज्याला इल्लत म्हणतात, आणि तेच कारण नव्या गोष्टीत असेल तर तोच हुकूम लावायचा. द्राक्षाच्या दारूला मनाई का तर नशा, मग नशा आणणारं दुसरं काहीही आलं तरी तेच. सोपं वाटतं. मग सरांनी विचारलं, प्रवाशाला नमाज कमी करायची सवलत आहे, का? सगळे म्हणाले त्रास होतो म्हणून. मग मस्जिद बंदरला भर उन्हात हातगाडी ओढणाऱ्या हमालाला सवलत का नाही आणि एसी डब्यात झोपून गावी जाणाऱ्याला का आहे? वर्ग गप्प. मग समजावलं की त्रास हा हेतू झाला, हिकमत, पण तो माणसागणिक बदलतो, मोजता येत नाही, म्हणून कायदा मोजता येणारी गोष्ट पकडतो, प्रवास. हे ऐकल्यावर मला माझ्या कामातली किती नियमावली समजली, कट-ऑफ तारखा का असतात, मर्यादा का असतात. आणि सरांनी तिथेच सोडलं नाही, हेही सांगितलं की हेतूकडे पाठ फिरवली तर कायदा दगड होतो, आणि म्हणूनच पुढे मकासिदचा, म्हणजे कायद्यामागच्या हेतूंचा, विचार वाढला.

तिसरा रविवार सगळ्यात चांगला. पूर्ण तीन तास एका सांडणीवर. इमाम मालिकच्या मुवत्ता या हदीसच्या पुस्तकात आहे, हातिब नावाच्या एकाच्या गुलामांनी दुसऱ्या माणसाची सांडणी चोरली आणि कापली. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यासमोर प्रकरण आलं, आधी हात कापायचा हुकूम झाला, मग उमर हातिबला म्हणाले की मला वाटतं तू यांना उपाशी ठेवतोस, आणि शिक्षेचा रोख मालकाकडे वळला. सांडणीवाल्याला विचारलं किंमत काय, तो म्हणाला मी ४०० दिरहमला दिली नसती, उमर म्हणाले याला ८०० दे. आता इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात, व्हॉट्सॲपवरही फिरते. सरांनी पुढचं वाचलं, की मालिक ही गोष्ट नोंदवून लगेच खाली म्हणतात, दुप्पट भरपाईवर आमच्याकडे अंमल नाही, मदिनेत भरपाई मूळ किमतीची असते. म्हणजे एवढ्या मोठ्या खलिफाचा निर्णय प्रामाणिकपणे नोंदवायचा आणि तरी त्यातून सर्वसाधारण नियम काढायचा की नाही हा वेगळा प्रश्न ठेवायचा. मग आम्हाला पाच-पाच जणांच्या गटात बसवून विचारलं, उमरनी इथे नियम मोडला की नियम लावला? आमच्या गटात एक रिटायर्ड रेल्वेवाले चाचा होते, ते म्हणाले मोडला, परिस्थिती बघून. माझं म्हणणं होतं लावला, कारण चोरीच्या शिक्षेला अटी आहेत आणि भूक असली की ती अट पुरी होत नाही, शंका असली की हद्द (ठरवून दिलेली शिक्षा) टळते. दुष्काळाच्या साली, हिजरी १८ म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास, उमरनी चोरीची शिक्षा थांबवली असं जे सांगतात त्याचाही अर्थ हाच लागतो. चाचांशी माझा अर्धा तास वाद झाला, शेवटी ते म्हणाले, बेटा तुझ्या वाचण्यात राजाला कमी मोकळीक मिळते, माझ्या वाचण्यात जास्त, विचार कर कुठलं बरं. हे वाक्य मी अजून घोळवतेय आणि पुढचे सगळे रविवार त्याच वाक्याच्या उजेडात ऐकले.

इराकच्या जमिनीचंही तसंच. लढलेल्या सैनिकांना जमीन वाटून हवी होती, पैगंबरांनी खैबरची जमीन वाटली होती तो दाखला होताच, पण उमरनी सल्लामसलत करून जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवली, त्यावर खराज (जमिनीवरचा कर) लावला, आणि आधार काय दिला तर कुरआनच्या सूरा हश्र या अध्यायातलं "त्यांच्यानंतर येणारे". आज वाटली तर उद्याच्या लोकांना काय. इथे खलिफाने मनाला आलं ते केलं नाही, वाद झाला, दिवस गेले, आयत दाखवली, मग निर्णय.

हनफींचा इस्तिहसान, म्हणजे सबळ कारण असेल तर कियास सोडून जास्त योग्य वाटेल तो निर्णय घेणं, पण झकास समजावला. जी वस्तू अजून बनलीच नाही ती विकता येत नाही हा नियम, पण लोक पूर्वीपासून चांभाराकडे माप देऊन जोडे बनवून घेत आलेत, त्याला इस्तिस्ना म्हणतात, मग हनफींनी इथे कियास बाजूला ठेवला. त्याच्यावरून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या बुकिंगवर चर्चा गेली आणि अर्धा वर्ग जागा झाला कारण मुंब्रा-पनवेल-तळोजात प्रत्येकाचं कोणी ना कोणी पैसे भरून बसलेलं आहे. माप ठरलेलं हवं, दर्जा ठरलेला हवा, नाहीतर वाद होणारच, हे जुने फुकहा (कायदेपंडित) लिहून गेलेत. शाफईंचा या इस्तिहसानला विरोध होता, म्हणायचे असं करणारा स्वतःच शरिया बनवायला लागतो. दोन्ही बाजू सारख्या मन लावून मांडल्या, हे या वर्गाचं मोठेपण.

आणि भिंत. पाचवा रविवार. ज्या खोलीत वर्ग भरतो तिच्या खिडकीतून समोरची एक जुनी इमारत दिसते, गॅलऱ्यांना खालून लोखंडी टेकू लावलेत, एका गॅलरीत पिंपळ उगवलाय, तरी तिथे दोऱ्यांवर कपडे वाळत असतात म्हणजे लोक राहतात. सरांनी बोलता बोलता खिडकी पूर्ण उघडली आणि म्हणाले आता झुकलेल्या भिंतीचा मसला. फिक्हच्या पुस्तकांत हे प्रकरणच आहे. तुमची भिंत झुकली आणि पडून कोणाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? उत्तर असं की कोणी आधी तुम्हाला बजावलं होतं का, की भिंत झुकलीय, पाडा, आणि बजावल्यानंतर पाडायला पुरेल एवढा वेळ गेला होता का. गेला असेल आणि तुम्ही हललाच नसाल तर भरपाई तुमच्यावर. आणि बजावायचा हक्क कोणाला? भिंत शेजाऱ्याच्या घरावर झुकली असेल तर त्या घरात राहणाऱ्यांना, पण सार्वजनिक रस्त्यावर झुकली असेल तर कोणालाही. कोणालाही! रस्त्याने जाणारा कोणीही माणूस. उस्मानी (ऑटोमन तुर्की) राज्यात १८६९ ते १८७६ च्या दरम्यान मजल्ला नावाची कायद्याची संहिता झाली, १८५१ कलमं, त्यात हा मसला ९२८ व्या कलमात आहे. त्या खिडकीपाशी उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा आला, कारण या वस्तीत इमारती पडतात, माणसं जातात, आणि नंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, नोटीस मिळाली होती, मिळाली नव्हती. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हाच प्रश्न असा सोडवला की रस्ता सगळ्यांचा म्हणून बोलायचा हक्कही सगळ्यांचा. राज्यकारभार म्हणजे मला हेच ऐकायचं होतं.

आता मसलत. मराठीत मसलत म्हणजे खलबत, गुपचूप बेत. मूळ मसलहत म्हणजे हित, भलं. ज्या गोष्टीबद्दल कुरआन-हदीसमध्ये काही स्पष्ट नाही तिथे लोकहित बघून निर्णय घ्यायचा, मालिकी मजहबात, म्हणजे इमाम मालिकच्या परंपरेत, याला मोठी जागा आहे. राज्य चालवायचं तर हे लागतंच, नवीन कर, नवीन रस्ता, नवीन आजार, सगळ्याला आयत कुठून आणणार. पण हाच शब्द सगळ्यात धोकादायकपण आहे, कारण हित कोण ठरवणार. सहाव्या रविवारी इमाम गजाली (मृत्यू ११११) शिकवले आणि अप्रतिम शिकवले. गजालींनी हिताची व्याख्याच पाच गोष्टींत बांधली, दीन, जीव, अक्कल, वंश, मालमत्ता, यांचं रक्षण म्हणजे हित, कोणाच्या मनात आलं ते हित नाही. आणि जिथे एखाद्याचा जीवच जाणार अशा टोकाच्या प्रश्नात तीन अटी घातल्या, हित अत्यंत गरजेचं असावं, खात्रीचं असावं, सगळ्यांचं असावं. मग उदाहरण, वादळात गलबत बुडतंय, एकाला समुद्रात टाकलं तर बाकीचे वाचतील, टाकायचं का? चिठ्ठ्या टाकून? गजाली म्हणतात नाही. कारण गलबतातले लोक म्हणजे "सगळे" नव्हेत, मोजकी माणसं आहेत, आणि मोजक्या माणसांसाठी एका बेगुनाह माणसाचा जीव घेता येत नाही. आमच्याकडे समुद्रावर जाणारी माणसं आहेत, माझे मामू अनेक वर्षं बोटीवर होते, मी हे उदाहरण घरी येऊन जेवताना सांगितलं तर सगळ्यांचे घास थांबले.

म्हणून आठव्या रविवारचा मला राग आला, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. शेवटचा वर्ग "तहजीब (संस्कृती) कशी उभी राहते" यावर, दुसरे पाहुणे बोलायला आले. दिल्लीचे आलिम शाह वलीउल्लाह दहलवींची (१७०३ ते १७६२) इर्तिफाकातची मांडणी, म्हणजे माणूस साध्या जगण्यापासून शहर, मग राज्य, मग राज्यांच्याही वरची व्यवस्था अशा चार पायऱ्या कसा चढतो, एवढा मोठा विचार, वीस मिनिटांत उरकला. इतिहासकार इब्न खल्दूनची एक ओळ, जुलूम झाला की वस्ती ओसाड होते, आणि पुढे. तो माणूस स्वतः कैरोत मालिकींचा काजी होता, १३८४ मध्ये नेमला गेला, कर वाढवत नेले की उत्पन्न उलट घटतं हे त्याने केव्हाच लिहिलंय, यावर एक अख्खा रविवार हवा होता. त्याऐवजी पाहुणे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की हाकिमाला (राज्यकर्त्याला) मसलहत दिसली की तो करू शकतो. मागे बायकांच्या बाजूने एका मुलीने विचारलं, रस्ता रुंद करायला घरं हटवायची असतील तर ती मसलहत खात्रीची आहे, सगळ्यांची आहे हे कोण तपासणार? उत्तर आलं की ते जाणकार बघतील. एवढंच. अरे पण सातव्या रविवारी तर कायदेपंडित शातिबी (मृत्यू १३८८) शिकवताना तुम्हीच सांगितलंत की नियम माहीत असणं एक आणि समोरच्या प्रकरणात तो लागू होतो का हे तपासणं दुसरं, तहकीक-ए-मनात, आणि हे काम दुनिया संपेपर्यंत संपत नाही, त्यात हकीम, कारागीर, हिशेबनीस सगळ्यांची साक्ष लागते. मजल्लाचं ५८ वं कलम पाठ करून घेतलंत, रयतेवरचा अधिकार हा रयतेच्या हिताशी बांधलेला आहे. बांधलेला! हाकिमाला मोकळा सोडायला नाही, धरून ठेवायला आहे ते कलम. सात रविवार लगाम कसा घालायचा ते शिकवलं आणि शेवटच्या दिवशी लगामच सोडला. रेल्वेवाले चाचा माझ्याकडे बघत होते, त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

बाकीच्या तक्रारी छोट्या पण सुधारण्यासारख्या. बायकांची बसायची जागा पडद्याच्या मागे, फळा दिसत नाही, आवाज स्पीकरवरून, आणि स्पीकर दर अर्ध्या तासाने बंद. तिसऱ्या रविवारी आम्ही सात जणींनी जाऊन सांगितलं तेव्हा पडदा बाजूला सरकवून फळा दिसेल असं केलं, न कुरकुरता केलं, पण सांगावं लागायला नको होतं. नोट्स फक्त उर्दूत, हाताने लिहिलेल्याच्या झेरॉक्स, आमच्यातल्या निम्म्यांना उर्दू ऐकून कळतं पण वाचता येत नाही, सगळे मराठी मीडियमचे. आणि मेगाब्लॉकच्या दिवशी वर्ग उशिरा सुरू करा म्हटलं तर ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथेच मिळाली, आमच्या शहराची आणि आमच्या कायद्याची. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला तर बाईने वर्षानुवर्षं, त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत थांबायचं. मालिकींकडे चार वर्षं. बायका अडकल्या होत्या, काही जणी सुटका म्हणून धर्म सोडत होत्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या पक्क्या हनफी आलिमांनी मालिकी उलेमांकडून मत मागवलं आणि ते घ्यायला परवानगी दिली, आणि कायद्यात चार वर्षं आली. म्हणजे दुसऱ्या मजहबाचा दरवाजा उघडला, भिंत न पाडता. हे सांगताना सरांनी असफ अली असगर फैजींचं नाव घेतलं, जे चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल होते आणि ज्यांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक आजही वकील वापरतात. मी त्या कॉलेजवरून शेकडो वेळा गेलेय. माझ्या मावशीचा नवरा सौदीला गेला आणि नऊ वर्षं पत्ता नव्हता, तिला या कायद्याबद्दल कोणी सांगितलंच नाही, ती वाट बघत म्हातारी झाली. त्या दिवशी मी वर्गात फार बोलले नाही.

पैसे वसूल आहेत का, तर हो, सात रविवारांसाठी दुप्पट फी पण मी दिली असती. वकील, सोसायटीचे सेक्रेटरी, जमातीच्या कमिटीवर बसणारे, समाजसेवा करणारे यांनी तर जावंच, आणि मुसलमान नसलेल्यांनीही जावं, आमच्या बॅचला कॉलेजचे दोन मराठी प्राध्यापक होते, छान रमले, कोणी वेगळं वागवलं नाही. घरी वाचायला वेळ नसेल तर जाऊ नका, दर आठवड्याला वीस-पंचवीस पानं वाचून यायची असतात. चहा मिळतो, सुलेमानी, लिंबू पिळून. जिना चढायला त्रास असेल तर आधी फोन करा, खालच्या दुकानात खुर्च्या टाकून बसायची सोय करतात, चाचांसाठी दोनदा केली.

पुढची बॅच रमजाननंतर आहे. मी आणि त्या सात जणींपैकी चौघींनी मिळून आठही रविवारांचे मराठीत नोट्स काढलेत, ६२ पानं, सांडणी, भिंत, गलबत सगळं आहे त्यात, आणि शेवटच्या रविवारच्या पानाखाली त्या मुलीचा प्रश्न तसाच लिहून ठेवलाय. एक कॉपी सरांना दिली, त्यांनी प्रश्न वाचला आणि म्हणाले पुढच्या वेळी शेवटचा वर्ग मी स्वतः घेईन. गेलात तर ऑफिसात मराठी नोट्स मागून घ्या, ३० रुपयांत झेरॉक्स करून देतात.